गोलकीपरचे वडील

अपूर्वाने अमेरिकेतल्या अकरा विद्यापीठांच्या फुटबॉल कोचना पत्रं लिहिली. बारावं नाव तिच्या वडिलांनी घुसडलं.

“एल्डरिजला पण लिही,” चंद्रहास म्हणाला. म्हणाला कसला, पेपर वाचता वाचता पुटपुटला, जसं काही त्याला त्यात फारसा रसच नाही. वास्तविक हे नाव बावीस वर्षं त्याच्या जिभेवर होतं.

१९८३ साली त्याने पुण्यात मेटलर्जीची डिग्री घेतल्यावर एल्डरिज विद्यापीठाने त्याला एम.एस.ला प्रवेश दिला होता. प्रवेश दिला, स्कॉलरशिप दिली नाही. कऱ्हाडला शाळेत शिकवणाऱ्या वडिलांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही. नोकरी लागली, पद्मजा आयुष्यात आली, अपूर्वा झाली, मग नेदरलँड्समध्ये आइंडहोवनची मोठी नोकरी आणि न्यूनेनमधलं विटांचं टुमदार घर. एखाद्याला हेवा वाटावा असं सगळं जमून आलं. तरी विद्यापीठाचं माहितीपत्रक त्याने प्रत्येक बदलीत बरोबर आणलं. त्याच्या मुखपृष्ठावर मेपलच्या झाडांमागे एक लाल इमारत होती. पद्मजा पाहुण्यांना सांगायची, “ह्याची पहिली बायको अमेरिकेत असते. आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून घेतो.” पाहुणे हसायचे, चंद्रहासही हसायचा. पण कधीकधी ऑफिसात एखादा तरुण पीएचडी रुजू झाला की तो आधी त्याच्या विद्यापीठाचं नाव विचारून घ्यायचा, आणि ते का, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आणि अपूर्वा? तिचं वेगळंच होतं. आठ वर्षांची असताना ती वर्गातल्या मैत्रिणींबरोबर गावच्या क्लबात गेली आणि गोलमध्ये उभी राहिली, ती सतरा वर्षांची झाली तरी तिथून हलली नाही. चंद्रहासच्या लेखी फुटबॉल म्हणजे पोहण्याच्या क्लाससारखं काहीतरी. तब्येतीला बरं. शनिवारी तिला मॅचला नेणं-आणणं त्याच्याकडे असायचं, कारण पद्मजाला शनिवारी लायब्ररीत काम असे. मुलींच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे दहाबारा आईबाप आणि कुणाचातरी कुत्रा. शाळा संपली की पुढे आठवड्यातून दोन संध्याकाळी हौशी सराव, एवढंच काय ते भवितव्य. अमेरिकेत मात्र मुली विद्यापीठाकडून खेळतात, त्यासाठी त्यांना स्कॉलरशिप मिळते, आणि बघायला तीन-तीन हजार माणसं येतात, हे तिला कळलं होतं. तेव्हापासून पोरीचं अन्नावरचं लक्ष उडालं होतं. बापाला एल्डरिज हवं होतं आणि लेकीला मैदान. दोन्ही एकाच पत्त्यावर होती, पण हे दोघं त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

बारापैकी एकट्या एल्डरिजचं उत्तर आलं. कॅरन डॉयल नावाच्या कोचने लिहिलं होतं, माझी गोलकीपर यंदा पदवी घेऊन जाते आहे. तुझ्या खेळाची टेप पाहिली, आवडली. तू आणि नॉर्वेची एक मुलगी, अशा दोघी शेवटच्या यादीत आहात. नोव्हेंबरमध्ये मी जर्मनीत आहे, तेव्हा घरी येऊन भेटते. चार वर्षांची पूर्ण स्कॉलरशिप आहे.

चंद्रहासने तो मेल प्रिंट करून घेतला.

कोच यायच्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली. पद्मजाने साबुदाणा वडे केले. चंद्रहासने फाइल तयार केली. ही फाइल कुठल्याही मराठी घरात सांगावी लागत नाही. प्लॅस्टिकचे कप्पे, पहिलीपासूनचे निकाल तारखेवार लावलेले, गणिताच्या परीक्षेचं प्रशस्तिपत्र, मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेतलं उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा. फुटबॉलची प्रशस्तिपत्रं तिच्यात नव्हती. ती खेळाची, म्हणून वेगळ्या पिशवीत, पोटमाळ्यावर.

कोच डॉयल पन्नाशीची, उन्हाने रापलेली, मोकळी बाई होती. दोन वडे खाऊन तिसरा मागून घेतला. मग म्हणाली, “अपूर्वा, मला आधी दहा मिनिटं तुझ्या आईबाबांशी बोलू दे.” अपूर्वा जिना चढून वर गेली.

चंद्रहासला तेवढंच हवं होतं. “मेटलर्जीची ती लाल इमारत,” त्याने विचारलं, “अजून तशीच आहे?”

“ती पाडली. आता तिथे मोठं सायन्स सेंटर आहे. आमचा फुटबॉल संघ एकही मॅच हरला नाही, त्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने ते बांधून दिलं.”

“फुटबॉल म्हणजे तुमचा संघ?”

ती मनापासून हसली. “माझा कुठला! हेल्मेटवाला फुटबॉल, मुलांचा. ऐंशी हजारांचं स्टेडियम आहे. त्या मोसमानंतर प्रवेशाचे अर्ज दीडपट आले. अर्ज जास्त आले की विद्यार्थी पारखून घेता येतात, त्यांचे मार्क चांगले, म्हणून क्रमवारीत विद्यापीठ वर. आमचे प्रेसिडेंट शनिवारी देणगीदारांना मॅचला बोलावतात. बऱ्याच प्रयोगशाळा तिथे पाहुण्यांच्या खास दालनात, काचेमागे बसून ठरल्यात. आणि कायद्याने मुलांइतकीच संधी मुलींनाही द्यावी लागते, म्हणून माझ्या संघाला ह्या स्कॉलरशिप मिळतात.”

तिने हे लपवाछपवी न करता सांगितलं. पण चंद्रहासच्या मनात काहीतरी मोडलं. ज्या प्रयोगशाळेच्या दारात त्याला बावीस वर्षांपूर्वी पैशांअभावी उभं राहता आलं नाही, ती प्रयोगशाळा चेंडू काखेत घेऊन धावणाऱ्या पोरांच्या जिवावर चालते? आणि त्याच्या लेकीला तिथे बोलावताहेत ते चिखलात उड्या मारते म्हणून? त्याला अपमान वाटला. तिला तिच्या डोक्यासाठी बोलवावं, अशी त्याच्या जिवाची तगमग झाली. त्याने फाइल उघडली.

इथे दहापैकी आठ म्हणजे आपल्याकडचे नव्वद टक्के, दहा हेडमास्तरलासुद्धा पडत नाहीत, हे त्याने समजावलं. एकेक कप्पा उलटत गेला. आणि गाडी रुळावर आली असं वाटून तो म्हणाला, “तुम्ही काळजी करू नका. आमच्या घरात अभ्यास पहिला. फुटबॉल तिचा छंद आहे. पहिलं वर्ष खेळेल, मग मी स्वतः सांगून ते बंद करवीन. पूर्ण लक्ष लॅबमध्ये.”

कोचचं पेन थांबलं. “छंद?”

टेबलाखाली पद्मजाने त्याच्या पायावर पाय दिला. चंद्रहासला वाटलं, आपण मुलीची फार टिमकी वाजवतोय असं हिला वाटतंय. पाहुण्यांसमोर आपल्याच लेकराचं कौतुक करू नये, ही त्याच्या आईची शिकवण. कागदावरचे मार्क दाखवणं वेगळं, ते काही आपण बोलत नाही, कागद बोलतो. म्हणून त्याने विनयाने भर घातली, “तशी गोलकीपर म्हणून ती साधारणच आहे हो.”

पद्मजाने डोळे मिटले.

पुढे अपूर्वा खाली आली, कोच तिच्याशी अर्धा तास बोलली, दोघी उठून हातांनी, खांद्यांनी एकमेकींना काहीबाही करून दाखवत होत्या. लेक एवढी बोलते हेच चंद्रहासला नवीन होतं. सगळं छान पार पडलं, असं म्हणत तो कोचला स्टेशनवर सोडून आला.

पंधरा दिवसांनी मेल आला. नॉर्वेच्या मुलीची निवड झाली होती. अपूर्वाचा निकाल उत्तम असल्याने विद्यापीठ तिला प्रवेश नक्की देईल, स्कॉलरशिप मात्र देता येणार नाही. हेच वाक्य चंद्रहासने बावीस वर्षांपूर्वीही वाचलं होतं.

अपूर्वा नुसतं “ओके” म्हणाली. मात्र त्या आठवड्यात ती सरावाला गेली नाही, पुढच्याही नाही. सायकल शेडमध्ये तशीच उभी. पद्मजाने खोदून विचारलं तेव्हा डचमध्ये म्हणाली, की मी काही विशेष नाहीये आई, आपल्या गावापुरती ठीक आहे, एवढी वर्षं उगाच स्वतःला फसवत होते.

स्वयंपाकघरात पद्मजा नवऱ्याकडे वळली. “ऐकलंस? तू सांगणार आहेस की मी सांगू?”

“मी आधी कोचला फोन करतो. गैरसमज झालाय.”

“गैरसमज तिचा नाही झालेला, चंद्रहास.”

त्याने फोन केला. कोच डॉयल सौजन्याने बोलली. नॉर्वेच्या मुलीने सही केली होती, आता काही होण्यासारखं नव्हतं. दोघी टेपवर सारख्याच होत्या, ती म्हणाली. मुली घर सोडून लांब येतात, हिवाळ्यात रडतात, तेव्हा मागे घर उभं असावं लागतं. ज्या घरातून खेळ बंद करायचं आधीच ठरलंय, तिथल्या मुलीवर चार वर्षं लावायची माझी हिंमत झाली नाही.

चंद्रहासने फोन ठेवला नाही. “एक विचारू? ती खरंच चांगली आहे का?”

“हे तुम्ही मला विचारताय?” कोच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच ते जास्त लागलं.

तो वर गेला. अपूर्वा पलंगावर पुस्तक उघडून बसली होती. त्याने सगळं सांगितलं, छंद म्हटल्याचं, बंद करवीन म्हटल्याचं, साधारण म्हटल्याचं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या टेबलाच्या कडेकडे बघत होता. एल्डरिजचं स्वतःचं जुनं दुखणंही सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याला त्याची लाज वाटली.

अपूर्वाने पुस्तक मिटलं. “म्हणजे तू असं पोलाइट व्हायला म्हणालास? जसं आई आपल्या भाजीला ‘साधारण झालीये’ म्हणते?” तिने मराठीत विचारलं. मराठी समजायची, बोलायची क्वचित.

सुटायला वाट होती. हो म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं. मंडळाच्या कार्यक्रमात अशी बोलणी तिने लहानपणापासून ऐकली होती. चंद्रहास त्या वाटेवर एक पाऊल टाकून परत फिरला.

“नाही गं,” तो म्हणाला. “मला माहीतच नव्हतं. मी तुझी एकही मॅच धड पाहिलेली नाही. गाडीत बसून ऑफिसचे कागद वाचायचो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. जागा गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं.

“गाडी गोलच्या मागेच असायची,” ती म्हणाली. “मला वाटायचं, थंडी वाजते म्हणून तू काचेतून बघतोस. कॅप्टनला सांगून पहिल्या हाफला मी नेहमी तोच गोल मागून घ्यायचे, बाबा.”