हिरव्या दोरीचा गोल

ठण्ण.

दुपारच्या शांततेत माझा एक लोखंडी आकडा माळ्यावरून घरंगळला आणि ओट्यावर पालथ्या घातलेल्या ताटावर आपटला. पाळण्यातलं बाळ दचकलं. त्यानं ओठ काढले, आता भोकाड पसरणार असं वाटलं. पण तेवढ्यात अंगठा सापडला आणि ते पुन्हा झोपलं. त्याची आई स्टुलावर उभी होती. तिनं रोखून धरलेला श्वास सोडला आणि मला माळ्यावरून हळूहळू खाली घेतलं, एखाद्या म्हाताऱ्या आत्याला जिना उतरवावा तसं.

मित्रांनो, मी आहे एक जुनी जाळी. मासे धरायची नाही आणि अंबाड्यावर घालायची तर नाहीच नाही. मी फुटबॉलच्या गोलची जाळी. माझा मूळ रंग पांढरा, पण आता तो फक्त गाठींच्या पोटात शिल्लक आहे. आठ दिवसांपूर्वी ह्या आईनं मला मैदानाच्या पंपघरातून घरी आणलं. वस्तीतल्या चारपाच जणांनी मिळून एक चित्रप्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं, आपल्या वस्तीवर आणि आपल्या फुटबॉलवर. प्रत्येकानं आपापल्या हातातलं काहीतरी करायचं. आईनं ठरवलं होतं की माझ्या चौकोनांतून मुलांच्या जुन्या कपड्यांच्या पट्ट्या ओवायच्या. बाळ झोपेल तेवढाच तिला वेळ. म्हणून तिनं मला जमिनीवर पसरलं, गुडघ्यावर बसून ती एकेक चौकोन झटकू लागली, आणि माझ्या उजव्या कुशीपाशी तिचा हात थांबला.

तिथे दीड वीत जागेत हिरवी दोरी होती.

ती दोरी बघून तिचा चेहरा का बदलला, हे कळायला तुम्हाला आधी माझी हकीकत ऐकावी लागेल.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे आठ बायका भिंतीला पाठ टेकून बसत आणि दिवसभर गाठी मारत. प्रत्येकीकडे एक लाकडी फळी असे. फळीभोवती दोर घेऊन गाठ मारली की चौकोन नेमका तेवढाच होई. मला जिनं विणलं तिला बाकीच्या ‘घट्टाबाई’ म्हणत, कारण तिची गाठ सुईनंही सुटत नसे. विणता विणता ती सुनेच्या कागाळ्या सांगायची आणि राग आला की गाठ आणखी आवळायची. माझी वरची डावी बाजू जरा जास्तच मजबूत आहे. त्याचं श्रेय त्या सुनेला.

तिथून मी मैदानावर आले आणि मैदानकाकांच्या ताब्यात गेले. ते मैदानाची देखभाल करत. गवत कापणं, फक्कीनं रेघा मारणं, मला आकड्यांना अडकवणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, बहुतेक त्यांच्या बायकोलाही नसावं. आमच्या मैदानावर एक रीत होती. सामना सुरू होण्याआधी मैदानकाका माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत यायचे, प्रत्येक चौकोनात बोट घालून ओढून बघायचे आणि मग मोठ्यानं म्हणायचे, “जाळी बंद.” ते ऐकल्याशिवाय पंच शिट्टी तोंडाला लावत नसत.

किती सुखाचे दिवस होते ते. चेंडू येऊन छातीवर आदळायचा, मी मागे फुगायचे आणि सगळं मैदान एकदम ओरडायचं. लोक खेळाडूला खांद्यावर घेत, पण गोल झाला हे पहिल्यांदा सांगायची मी. जाळी हलली, की झालं.

मग तो सामना आला. मुलींच्या संघांचा अंतिम सामना. त्या दिवशी मैदानावर तिसरा खेळ होता आणि मैदानकाका पार थकले होते. पुसलेल्या रेघा पुन्हा मारता मारता त्यांनी, आधीच्या दोन खेळांसारखाच, लांबूनच हात वर केला आणि म्हटलं, “जाळी बंद.”

मी बंद नव्हते, मित्रांनो. आदल्या आठवड्यात कोठीत एका उंदरानं माझी उजवी बाजू कुरतडली होती. चार चौकोनांचा मिळून एक झाला होता. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

पूर्वार्धात सात नंबरच्या मुलीनं चेंडू मारला. चौदा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या डोक्यावर बांधलेल्या. चेंडू खांबाच्या आतून आला आणि त्या भोकातून, माझ्या अंगाला न लागता, सरळ बाहेर निघून गेला. मी हलले नाही. चेंडू मैदानाबाहेरच्या गवतात जाऊन पडला.

पंच म्हणजे शाळेतले कवायतीचे सर. त्यांनी चेंडू बाहेर पाहिला, मला स्थिर पाहिलं. मुलगी धावत येऊन म्हणाली की सर, आतून गेलाय, मी बघितलं. सर न्यायी होते. त्यांनी मैदानकाकांना विचारलं, “जाळी?”

मैदानकाका म्हणाले, “बंद होती.”

गोल दिला गेला नाही. शेवटच्या पाच मिनिटांत दुसऱ्या संघानं एक गोल केला आणि कप नेला. संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर मैदानकाका माझ्यापाशी आले. भोक बघून ते मटकन खाली बसले. पांढरा दोर संपला होता. घरी जाऊन त्यांनी कपडे वाळत घालायची हिरवी दोरी सोडून आणली आणि अंधार पडायच्या आत मला शिवून टाकलं. मग उठले, कपडे झटकले आणि घरी गेले. कुणाला काही बोलले नाहीत.

त्या मुलीला मात्र त्या दिवसापासून नवं नाव मिळालं, ‘हवाई’. हवेतला गोल करणारी. नाव ठेवणारा तिचाच दादा. घरात मीठ सापडलं नाही तरी तो म्हणायचा, “हवाईला विचारा, तिला नसलेलं दिसतं.” पुढच्या वर्षी ती खेळायला आली नाही.

मीही उतरणीला लागले. नायलॉनच्या नव्या जाळ्या आल्या. मला आधी वाळूच्या ढिगावर टाकलं, मग रोपांवर, मग पंपघराच्या कोपऱ्यात. तिथे एका कुत्रीनं माझ्यावर दोनदा बाळंतपण केलं. तिचा राग नाही मला. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडले.

तर आता कळलं ना, त्या दुपारी जमिनीवर बसलेली आई कोण होती? दोन वेण्या गेल्या होत्या, सोळा वर्षं मध्ये गेली होती, पण तिनं वरच्या काठापासून चौकोन मोजले, खांबाकडून मोजले आणि मग आपली मूठ त्या हिरव्या चौकोनांवर ठेवली. तिनं सोळा वर्षं जी जागा डोळ्यांपुढे धरली होती, तीच ती होती. कपड्यांच्या पट्ट्या तिनं तशाच गुंडाळून ठेवल्या.

प्रदर्शनाची सूत्रं एका पेंटरकडे होती. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. त्यानं पंचवीस वर्षं मैदानावर ऐकलेल्या आरोळ्या पत्र्यांवर दुकानाच्या पाटीसारख्या लिहिल्या होत्या. ‘पास देतोयस की लग्नाचं आमंत्रण?’ ‘गोली, दार उघडं राहिलंय.’ ‘पाय आहे का पायपुसणं?’ शिंप्यानं जुन्या जर्सी जोडून छताएवढा पडदा शिवला होता. मातीची भांडी करणाऱ्या मावशींनी चाळीस चेंडू घडवले होते आणि प्रत्येकावर वस्तीतल्या एकेकाचा अंगठा उमटवला होता. आईनं पेंटरला सांगितलं की मी जाळी आहे तशीच टांगणार, आणि खाली पाटी हवी: ‘इथून एक गोल गेला.’

पेंटरनं कुंचला कानावर ठेवला आणि स्वच्छ सांगितलं की प्रदर्शनाचं उद्घाटन मैदानकाकांच्या हस्ते आहे. सगळ्यांचा त्या म्हाताऱ्यावर जीव. तुझ्या शब्दावर मी त्यांना खोटं पाडणार नाही. त्यांनी सांगितलं तर लिहीन, आणि तेही आदल्या दिवशी चारच्या आत, कारण रंग वाळायला हवा.

आई दुसऱ्याच दिवशी बाळाला कडेवर घेऊन मैदानकाकांकडे गेली. मी तिथे नव्हते. पण रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला सांगत होती आणि मी कोपऱ्यात गुंडाळलेली ऐकत होते. काका लेकीच्या घरी खिडकीशी बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. त्यांनी बाळाचे गाल ओढले, चहा घे म्हणाले. विषय काढल्यावर म्हणाले, आयुष्यात किती भोकं शिवली, काय काय लक्षात ठेवू? आई म्हणाली, काका, पण हिरव्या दोरीनं एकदाच. एक निळा आणि एक काळा मोजा त्यांनी एकत्र गुंडाळून ठेवला.

नवरा म्हणाला, “सोड ना आता. सोळा वर्षं झाली.”

“मी सोडलं असतं,” आई म्हणाली. “पण हवाई म्हणणाऱ्यांनी सोडलं का? तूसुद्धा म्हणतोस.”

नवऱ्यानं आपलं ताट उचललं आणि मोरीत नेलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मला एका जुन्या गोदामात नेलं. दोन खांबांमध्ये पाइप बांधला होता. बाळ मावशींच्या मांडीवर, थोरली मुलगी मातीच्या चेंडूंवरचे अंगठे मोजत, आणि आई शिडीवर. तिनं मला टांगलं. माझ्या खाली पेंटरनं एक कोरी पाटी ठेवली होती. साडेतीन वाजले. पेंटरनं सुचवलं की ‘जुनी जाळी, दोर आणि गंज’ असं काहीतरी लिहून टाकू, छान दिसेल. आई म्हणाली की खरं लिहिता येत नसेल तर कोरीच राहू दे. लोक विचारतील, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन.

तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला.

“कोणी टांगली ही?” मैदानकाका विचारत होते. “वाळत घातल्यासारखी?”

खरं सांगते, टांगली वाईटच होती. ते उद्याची जागा बघायला म्हणून आले होते, पण पोक काढलेली जाळी बघून त्यांना राहवेना. काठी ठेवून त्यांनी आकडे काढले, पुन्हा अडकवले, मला खालून ताणलं. कित्येक वर्षांनी मी ताठ उभी राहिले. मग हाताची सवय कुठे जाते? ते एका टोकापासून निघाले आणि चौकोनांत बोट घालून ओढू लागले. एक, दोन, दहा, वीस. हिरव्या दोरीपाशी ते बोट आलं आणि अडलं.

आई शिडीवरून उतरली. काकांनी तिच्याकडे वळून बघितलं नाही.

“उघडी होती,” ते म्हणाले. “मी बघितलीच नव्हती त्या दिवशी.”

“मग सरांनी विचारलं तेव्हा?”

“सगळं मैदान माझ्या शब्दावर चालायचं, पोरी. तो खोटा निघाला असता तर मला दुसरं काय येत होतं?”

“आणि नंतर?”

“नंतर तू दिसलीस की मी रस्ता बदलायचो.”

आईचा आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. “मी ‘असू दे, काका’ म्हणणार नाही.”

“म्हणू नकोस,” मैदानकाका म्हणाले आणि पेंटरकडे वळले. “घे रे कुंचला.”

त्यांनी सांगितलं, पेंटरनं लिहिलं: ‘त्या दिवशी ही जाळी उघडी होती. मी न बघता बंद म्हणालो. गोल खरा होता.’ खाली ‘मैदानकाका’. पेंटरनं हळूच विचारलं की ‘चुकून’ असा शब्द घालू का. काका म्हणाले, नको, तेवढी जागा मोकळी ठेव.

दुसऱ्या दिवशी गोदाम भरलं. लोक आरोळ्यांच्या पाट्या वाचून हसत हसत माझ्यापाशी येत आणि माझी पाटी वाचून हिरवी दोरी शोधत. काहींनी मैदानकाकांकडे बघणं टाळलं. ते मात्र पाटीशेजारीच उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. आईच्या दादानं पाटी वाचली, मान खाली घातली आणि तिच्या कडेवरचं बाळ आपल्याकडे घेतलं. कवायतीचे सर आता काठी टेकत चालतात. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग ताठ उभे राहिले आणि गोल दिल्यावर पंच जसा मैदानाच्या मध्याकडे हात करतो, तसा त्यांनी गोदामाच्या मध्याकडे हात केला. तिथे लोकांची गर्दी होती. कोणी हसलं नाही. आईनं मात्र तोंड फिरवलं आणि माझ्या दोरांत बोटं घट्ट अडकवून ती तशीच उभी राहिली.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुनी वस्तू टाकायच्या आधी एकदा पूर्ण उलगडून बघा. तिच्यावरची जोडणी, ठिगळ, वेगळ्या रंगाची दोरी, ह्यांच्यामागे कुणाचं तरी काहीतरी राहिलेलं असतं. आणि एखादी काटकुळी मुलगी धावत येऊन ‘मी बघितलं’ म्हणाली, तर तिला नाव ठेवण्याआधी चार पावलं चालून या आणि जाळी बघा. चालायला कितीसा वेळ लागतो?

गर्दी ओसरल्यावर थोरली माझ्यापाशी आली. ती पाच वर्षांची आहे, अक्षरं जोडून जोडून वाचते. पाटी संपायला तिला बराच वेळ लागला. मग तिनं आईला एकेक गोष्ट विचारली. गोल म्हणजे तुझा का? हो. तो खरा होता? हो. मग त्यांचा एक आणि तुमचा एक? हो, बरोबर. थोरलीनं दोन बोटं शेजारीशेजारी उभी धरली आणि दोन्हींकडे नीट पाहिलं. आईनं सरांकडे बघितलं, सरांनी मैदानकाकांकडे.

“मग आई,” थोरली म्हणाली, “जिंकलं कोण?”