पोटातलं आर्सेनिक

मी एक जुना फिल्टर आहे, मित्रांनो, आणि फार थकलो आहे.

ढाक्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दिसायला मी साधा निळा डबा. पण माझ्या पोटात तपकिरी दाणे होते आणि त्यांच्यावर लोहाचे नॅनोकण, डोळ्यांना कधीच न दिसणारे. पाण्यातलं आर्सेनिक ते धरून ठेवायचे.

मला एका खेड्यात हसनाच्या घरी आणलं. तिच्या हातपंपाला सरकारी माणसांनी लाल रंग फासला होता, म्हणजे पाण्यात आर्सेनिक आहे. तेच पाणी पिऊन तिच्या सासूच्या तळहातांवर काळे चट्टे उठले होते. मला बसवणारी, फिल्टर वाटपाच्या योजनेतली शिरीनआपा म्हणाली होती, "दोन वर्षांनी येऊन मी दाणे बदलीन. तोवर ते कुठेही टाकू नका. त्यांत विष साठत जाणार आहे."

पहिली दोन वर्षं शेजारणीही कळशा घेऊन यायच्या, माझं कौतुक करायच्या. मग योजना बंद पडली. शिरीनआपा आली नाही. चौथ्या वर्षी माझ्यात आणखी आर्सेनिक मावेना. पाणी जसं यायचं तसंच खाली उतरायचं. मला लाज वाटायची, पण सांगणार कसं? हसनाने पाणी तपासायची उरलेली पट्टी लावली, ती तपकिरी झाली, म्हणजे पाण्यात आर्सेनिक होतं. त्या दिवसापासून ती मशिदीजवळच्या खोल पंपाचं, आर्सेनिक नसलेलं पाणी डोक्यावरून आणू लागली.

नवरा, मोफिज, घमेलं घेऊन आला. "याचे दाणे तळ्याकाठी ओततो. कुणाला कळतंय?"

"माशांना कळेल," हसना म्हणाली. "आणि ते मासे तुमच्याच ताटात येतील."

त्याने घमेलं खाली ठेवलं.

हसना दोन कचेऱ्यांत जाऊन आली. दाण्यांचं काय करायचं, ते कुणी नीट सांगेना. शेवटी लाँचने जाऊन तिने शिरीनआपाला शोधून काढलं. आपा म्हणाली, "यायला हवं होतं मी. चल, आता येते."

दोघींनी हातमोजे घालून माझे दाणे सिमेंटमध्ये कालवले आणि माझ्यातच परत भरले, म्हणजे विष बाहेर झिरपणार नाही. पुराचं पाणी पोचत नाही अशा उंचवट्यावर मी आता उभा आहे. ओल्या सिमेंटवर हसनाने खिळ्याने लिहिलं, 'विष आहे. फोडू नका.'

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी घरी आणाल, तर त्याच दिवशी विचारा, हा भरला की कुठे जाणार? माझ्या अख्ख्या गावात हे विचारणारी एकच बाई निघाली.