साफसूफ केलेलं गाणं

आमचा राकेश गाणं ऐकत नाही, तपासतो. नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांत त्यानं कपाटाएवढे दोन स्पीकर आणून ठेवलेत. खरा आवाज म्हणे मधल्या खुर्चीतच येतो, म्हणून सगळ्यांनी आळीपाळीनं तिथं बसायचं. पंखा बंद, मिक्सर बंद, घाम पुसत ऐकायचं. सून मनाली मात्र फोन पातेल्यात उभा करते. गाणंही वाजतं, भाकरीही होते. राकेश तिला म्हणतो, ते गाणं नाही, डब्यात अडकलेला डास आहे.

यंदा जयंतीला मांडवात आमच्या मालकांचं गाणं लावायचं ठरलं. यांची, म्हणजे जयरामची गायन पार्टी म्हटलं की दिंडोरीपर्यंत लोक जागा धरून बसायचे. हे गायचे, मागं कोरसला मी. यांचा दम तुटायचा तिथं ओळ मी धरायचे. हे गेले, एक कॅसेट राहिली. कॉलनीतल्या नव्या सुनांना वाटतं, मी फक्त नळावर भांडायला जन्मले. म्हटलं, ऐका आता.

राकेशनं कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, आठवडाभर घासली-पुसली आणि मला खुर्चीत बसवलं. मालकांचा आवाज असा आला की अंगावर काटा. पेटीवर पडणारं बोटसुद्धा कळत होतं. मी माझ्या ओळीची वाट बघत होते. ओळीच्या जागी नुसती शांतता.

"मी कुठंय रे?"

"मागं खरखर होती आई, प्रोग्रामनं काढली. बाबा बघ किती स्वच्छ येतात."

एवढ्या तयार कानांचं पोरगं, पण आई कचऱ्यात गेलेली त्याला कळली नाही. पुन्हा उतरव म्हटलं, तर आधी उतरवलेलं त्यानं पुसून टाकलेलं आणि कॅसेटची फीत तुटलेली.

तेव्हा मनालीनं हळूच फोन पुढं केला. कॅसेट पहिल्यांदा वाजली तेव्हा माहेरी पाठवायला तिनं भरून घेतली होती. त्यात कुकरची शिट्टी आहे, दारावरचा भाजीवाला आहे. आणि मी आहे.

हे मांडवात लावलं तर बाबांची अब्रू जाईल, असं राकेशचं म्हणणं पडलं.

"त्यांची अब्रू ते बघतील," मी म्हटलं. "जन्मभर मीच सांभाळली. आता माझी ओळ लाव."

जयंतीला मनालीनं फोन माईकला लावून धरला. शिट्टी झाली तेव्हा मांडव हसला. माझी ओळ आली तेव्हा बायकांनी ती उचलली, नव्या सुनांनीसुद्धा. राकेश मागं कानांवर हात ठेवून उभा होता म्हणे. मी बघितलं नाही. मी गात होते.