किटलीच्या बुडावरचा सिंह

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं, तेव्हा अमरावतीत कुणी बैलांची शिंगं चांदीनं मढवली, कुणी नाटकवाल्यांना घरी बसवून जेवू घातलं. खुशालरावांना मात्र भलताच नाद लागला. विलायती चांदीची भांडी, आणि तीही लंडनच्या एकाच कारागिराची. प्रत्येकाच्या बुडाशी पंजा उचललेला इवलासा सिंह आणि शेजारी दोन अक्षरं. सिंह म्हणजे चांदी अस्सल, अक्षरं म्हणजे घडवणाऱ्याची खूण.

कपाटाची किल्ली त्यांनी पंधरा वर्षांच्या नव्या सुनेला, रुख्मिणीला दिली होती. आज ती किल्ली तिच्या कमरेला विस्तवासारखी पोळत होती. अकोल्याहून कापूस पारखणारा गोरा साहेब यायचा होता. कपाटातली चांदीची किटली त्याच कारागिराची निघाली, तर तो आपल्याकडचं जोडीचं साखरेचं भांडं देणार होता.

आणि किटलीच्या बुडाशी आता सिंहच नव्हता. तिथं ठसठशीत ‘खुशालराव’ होतं.

परवा नाव घालणारा कासार दारावर आला, तेव्हा रुख्मिणीनं तांब्यापासून झाऱ्यापर्यंत सगळ्यावर सासऱ्यांचं नाव घालून घेतलं. मोर्शीला माहेरी तसंच करत. किटली तरी कशाला सोडायची? दुसऱ्याच्या खुणेचं भांडं पाहून लोक म्हणतील, मागून आणलं. “पहिले ते घासून टाका,” तिनंच कासाराला सांगितलं होतं. खुणेचं महत्त्व तिला कळलं ते काल, सासरे साहेबाची वाट पाहत बोलत होते तेव्हा.

“काहून वं, भाजीत साखर घालून राहिली?” सासू गोदाबाईंनी तिचा हात धरला. “ध्यान कुठी हाय तुहं?”

सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात अंगणात साहेबाची बैलांची दमणी थांबली.

दाराआडून तिला सगळं दिसत होतं. साहेबानं किटली उलटी केली आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

“मार्का किधर गया, खुशालराव? कपास में पानी मारनेवाले बहुत देखे. अब चांदी में भी?” त्यानं किटली खाली ठेवली. “जो मार्का मिटाता है, उसका कपास मैं नहीं लेता.”

खुशालराव किटलीकडे पाहतच राहिले.

रुख्मिणीनं पदर ओढून घेतला, हाताला लागतील तेवढी भांडी कवेत घेतली आणि परक्या पुरुषासमोर बैठकीत जाऊन ओतली.

“मामाजीनं नाही. म्या पुसलं. हे पाहा, समद्यावरच नाव घातलं म्या.”

साहेबानं तांब्या पाहिला. झारा पाहिला. चुन्याच्या डबीवरही ‘खुशालराव’ आहे असं कळल्यावर त्याच्या मिश्या हलल्या. त्यानं किटलीचं झाकण काढून उजेडात उलटं धरलं. आत, कासाराचा हात पोचला नव्हता तिथं, सिंह पंजा उचलून उभा होता. शेजारी तीच दोन अक्षरं.

साखरेचं भांडं देऊन साहेब गेला. मग खुशालरावांनी सुनेपुढे हात केला.

“तू बाहीर आली नसती, तं आज मान खाली गेली असती पोरी. पण किल्ली आता माह्यापाशीच राहू दे.”

रुख्मिणीनं ती इतक्या घाईनं सोडून दिली, की गोदाबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या.