खाणीची परतफेड

आमच्या दादाने उभा जन्म कोळशाच्या खाणीत मुकादमी केली. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात. दादा कोळसा पुरू लागला.

वसाहतीच्या बागेत छाटलेल्या फांद्या तो झाकणाच्या पिंपात कोंडून भाजायचा आणि झालेला कोळसा कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकायचा. झाड हवेतला कार्बन खातं, कुजलं की परत ओकतं. कोळसा करून पुरलं की पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसतं, असं त्याचं म्हणणं.

"घरात एक पातेलं कधी जागेवर ठेवलं नाही," वहिनी म्हणायची, "आणि निघाले आभाळ आवरायला!"

पण मागच्या तबेल्यातलं सांडपाणी बादल्या भरभरून तीच आणायची. कोरडा कोळसा मातीचंच सत्त्व शोषतो, त्याला आधी पाजावं लागतं. ते खातं वहिनीचं. आणि तिच्या हातून उपाशी कुणी राहत नाही.

वसाहतीचे अध्यक्ष, टोपणनाव भोंगा. त्यांनी सभेत ठराव आणला: रविवारी सामुदायिक जेवण, शेगडीला बागेतलाच कोळसा, आणि खड्डा बुजवून तिथे गाड्या. भराभर हात वर झाले.

"दादा, सोडून दे," मी म्हणालो. "एवढ्याशा खड्ड्याने जगाचं काय होणार?"

"आम्ही टोपली-टोपली करूनच खाण उपसली. तेव्हा कुणी म्हणालं नाही, एका टोपलीने काय होणार."

रविवारी दादा-वहिनी खड्ड्याच्या काठावर खुर्च्या टाकून बसले.

"खणू नका, पस्तावाल," दादाने रीतसर सांगितलं.

"बहुमत आहे!" भोंगा गरजले.

खणून शेगडीत भरलेला कोळसा ओला, पेटेना. भोंग्यांनी वर रॉकेल ओतलं. मग मात्र पेटला, आणि अख्खा तबेला धूर होऊन पंगतीत येऊन बसला. पोरं पळाली, ताटं पडली.

"काय घातलंय काय ह्यात?" भोंगा खोकत ओरडले.

"हवाच होती, अध्यक्ष," वहिनी म्हणाली. "आम्ही पुरून ठेवलेली. तुम्ही बाहेर काढलीत, आता घ्या भरभरून."

"पुरा! परत पुरा ते!" चहूकडून ओरडा झाला.

"ठराव करा," दादा जागचा हलला नाही. "खड्डा कायमचा आमचा."

सगळ्यांनी एकेक हात वर केला. दुसरा नाकाला होता.

दादाने फावडं भोंग्यांच्या हातात दिलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

"आणखी खोल, साहेब. आमच्या खाणीत एवढ्यावर हजेरी लागत नाही."