शेवटचा खडू

आमचे हे तीस वर्षं आठवडाभर शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचे. परवा शुक्रवारी शाळा सोडली. "आता मी फक्त पाद्री," असं मला ठणकावून सांगितलं. म्हटलं, बघू!

रविवारी क्षमेवरचा उपदेश चांगला रंगात आला होता. तेवढ्यात मागच्या बाकावर दातांचे डॉक्टर घोरू लागले. ह्यांचा हात झग्याच्या खिशात गेला आणि खडू सुटला, तो थेट डॉक्टरांच्या टकलावर! डॉक्टर ह्यांचेच जुने विद्यार्थी. दचकून उठले आणि मुकाट्याने दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मी कपाळावर हात मारून घेतला.

उपदेश संपल्यावर डॉक्टरांनी दारातूनच विचारलं, "सर, आत येऊ?"

"ये," हे म्हणाले. "आणि तो खडू घेऊन ये. एवढा एकच उरलाय माझ्याकडे."