प्रबंधखोलीचा लाल पंजा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एरवी परीक्षा तोंडावर आली तरच गर्दी व्हायची. त्या दिवशी मात्र तळमजल्याच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन विभागप्रमुख खुर्च्यांवर चढून बघत होते. कुलसचिवसाहेब, ज्यांच्या सहीशिवाय इथे खडूची पेटीसुद्धा हलत नसे, ते हात जोडून सगळ्यांच्या पुढे उभे होते. सिद्ध खडे देऊन भुतं उतरवणाऱ्या खडेबाबाने काचेच्या भांड्यातल्या नितळ पाण्यात हात बुडवला, डोळे मिटले आणि तो हात प्रबंधखोलीबाहेरच्या, दोनच दिवसांपूर्वी चुना मारलेल्या भिंतीवर थापला. हात काढला तेव्हा तिथे रक्तासारखा लाल पंजा उमटला होता.

"पाणी माझं, पंजा त्याचा," बाबा म्हणाला.

"कोणाचा?" कुलसचिवांनी विचारलं.

"पदवी हातात पडायच्या आधी मेला, त्याचा. आत अडकलाय तो. आठ हजार प्रबंधांच्या मधोमध बसलाय, आणि जो रोज त्याच्यावरची धूळ झटकतो त्याचंच रक्त पितोय."

सगळ्या माना मागे वळल्या. जिन्याच्या पायरीवर शिपाईमामा बसले होते. एकोणीस वर्षं ही खोली त्यांच्या ताब्यात होती. सगळ्यांनी आपल्याकडे बघितलं तशी त्यांना दरदरून घाम फुटला.

कारण बाबाला न सांगताच कळलं होतं, असं मामांना वाटत होतं. गेला महिनाभर चार पावलं चाललं की त्यांना धाप लागायची. डोळे पिवळे पडले होते. आणि आठवड्यापासून लघवी काळ्या चहासारखी होत होती. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. ती विचारायची, "अहो, तुमचे डोळे असे का दिसताहेत?" ते म्हणायचे, झोप झाली नाही. झोप खरंच होत नव्हती. मरणाच्या भीतीने डोळाच लागत नसे. आपलं पिवळं तोंड ग्रंथालयातल्या प्रत्येकाला दिसतं आहे आणि बाबालाही तेच दिसलं असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. घाबरलेल्या माणसाचं डोकं एवढ्या साध्या हिशेबाला बसत नाही.

बाबाने मामांच्या गळ्यात काळ्या कापडाची पुरचुंडी बांधली. तिला अत्तराचा भपकारा येत होता. "सिद्ध खडे आहेत. तीन दिवस छातीवरून हलवायचे नाहीत. तीन दिवस आत बसायचं, खिडक्या बंद. चौथ्या दिवशी सगळे प्रबंध पटांगणात आणून पेटवायचे. एकही शिल्लक ठेवायचा नाही."

एका प्राध्यापकाने विचारलं, "सगळे कशाला? त्या मेलेल्याचा एकच जाळला तर?"

"तो कुठल्या पानात दडलाय, तुम्ही सांगता?"

कुलसचिवांनी मान डोलावली. "नाहीतरी कोण वाचतं ते," असं ते हळूच म्हणालेही. ज्या विद्यापीठात शंभर विषयांचे तज्ज्ञ पगार घेतात, तिथे त्या शंभरांतल्या एकालाही भिंत खरवडून बघावीशी वाटली नाही, याचा मला अजून राग येतो.

मामा आत बसले. आजूबाजूला गव्हावरचा तांबेरा होता, मुंग्यांच्या वाटा होत्या, पुलांचे खांब, मासेमारांची बोली, दूध नासण्याची कारणं, तुरुंगातल्या बायकांची पत्रं. कोणता विषय कुठल्या रॅकवर आहे हे मामांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. आत काय लिहिलंय हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वाचणारे वेगळे, उचलून देणारे वेगळे, असं ते धरून चालत. आता कुठलाही प्रबंध रॅकवरून थोडा पुढे आलेला दिसला की ते त्याच्यापासून लांब सरकून बसत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना उभंही राहता येईना.

त्याच दुपारी ग्रंथपाल मॅडम दीड महिन्याच्या रजेवरून परतल्या. बोळात काय घडलंय ते ऐकून त्या तरातरा खाली आल्या, दार ढकललं आणि नाकाला पदर लावून मागे सरल्या.

"मामा, हा वास कसला?"

"कसला वास?"

"डांबरगोळ्यांचा हो. डोळे चुरचुरताहेत माझे. तुम्हाला येत नाही?"

मामांना खरंच येत नव्हता. रोज त्यातच बसून नाक सरावलं होतं. मॅडमनी एक कप्पा उघडला. प्रबंधांच्या मागे मूठभर गोळ्या. दुसरा उघडला, तिथेही. दाराजवळच्या कोपऱ्यात गोळ्यांचं अर्धं पोतं.

"कसर लागली तर मला जबाबदार धराल असं म्हणाला होतात," मामा कसेबसे म्हणाले. "म्हणून दर आठवड्याला मूठ मूठ टाकतो. आणि बाहेर बांधकामाची धूळ, म्हणून खिडक्या चार महिने बंदच."

मॅडम खाली बसल्या. त्या खरोखर घाबरलेल्या दिसत होत्या, आणि त्यांना तसं पाहून मामांचा उरलासुरला धीरही गेला. मॅडमनी त्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मग हळू आवाजात विचारलं, "लघवीचा रंग कसा आहे?"

मामा रडायला लागले. "मॅडम, तो माझं रक्त पितोय."

"रक्त कमी होतंय हे खरं आहे. वैद्यक, आठशे बारा. कुठे आहे?"

"सत्तावीस नंबर, खालून दुसरा कप्पा," मामा रडता रडता म्हणाले.

तो प्रबंध बावीस वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टरने लिहिलेला होता. काही माणसांच्या रक्तात जन्मापासून एक उणीव असते. एरवी ती कळतही नाही. पण डांबरगोळीची वाफ अंगात गेली की तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी काळी होते. मॅडमनी ते पान त्यांच्यासमोर धरलं. मग त्यांनी मामांच्या गळ्यातली पुरचुंडी ओढून काढली आणि फाडली. आत चार डांबरगोळ्या होत्या. पोतं दाराशीच होतं, बाबाला लांब जावं लागलं नव्हतं.

"अजून एक दिवस बसला असतात तर..." मॅडमनी पुरचुंडी दाराबाहेर फेकली. "चूक माझीही आहे मामा. चला, गाडी बोलावते."

इस्पितळात मामांना रक्त चढवलं. तपासणीत ती जन्माची उणीव सापडली. तरी भीती जाईना. "पण मॅडम, पंजा?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

"त्याचंही उत्तर तुमच्याच खोलीत आहे," मॅडम म्हणाल्या. "समाजशास्त्र, तीनशे चार."

चौथ्या दिवशी पटांगणात लाकडं रचली होती. गर्दी आधीच्या दुप्पट. मामा चाकाच्या खुर्चीवर आले, खुर्ची त्यांची बायको ढकलत होती. मॅडमनी सगळ्यांना पुन्हा बोळातल्या भिंतीपाशी नेलं. पहिला पंजा एव्हाना विरून गेला होता. बाबाच्या मते तो आत परत गेला होता.

मॅडमनी मामांपुढे नितळ पाण्याचं भांडं धरलं. "बुडवा हात."

"नको हो," मामा म्हणाले. उमटला तर आपल्यातच तो शिरलाय, आणि नाही उमटला तर बाबा खरा, अशा कात्रीत ते सापडले होते. शेवटी बायकोने त्यांचं मनगट धरलं. "टेकवा. मी आहे."

मामांनी हात थापला. भिंतीवर लाल पंजा. मग त्यांच्या बायकोने थापला, तिचाही लाल. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मदतनीस पुढे आला आणि त्याने तेच पाणी दाराच्या तैलरंगावर शिंपडलं. तिथे काहीच झालं नाही.

"यात मिसळलेलं रसायन आम्ही रोज वापरतो," तो म्हणाला. "चुन्याला लागलं की लाल. थोड्या वेळाने आपोआप फिकं पडतं."

मॅडमनी प्रबंध उघडला. एक संशोधक मुलगी वर्षभर खडेबाबाच्या गुरूच्या मठात राहिली होती. पान एकशे बारावर लाल पंजाची कृती होती, पान एकशे चौदावर गुरूच्या पट्टशिष्याचा फोटो. फोटोत दाढी कमी होती, पण कपाळावरची खोक तीच होती.

"सगळे प्रबंध का जाळायचे होते, ते कळलं का साहेब?" मॅडमनी कुलसचिवांना विचारलं. "एकच मागितला असता तर आपण तो उघडून बघितला असता."

तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की बाबा उभा होता ती जागा रिकामी आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्यांनी त्याला धरलं, आणि मामांची तक्रार त्याच संध्याकाळी पोलिसांत गेली.

दोन महिन्यांनी मामा कामावर आले. गोळ्या गेल्या होत्या, चारही खिडक्या उघड्या होत्या, आणि कसरीसाठी काय करायचं ते कीटकशास्त्राच्या एका प्रबंधातून मॅडमनी काढलं होतं. मामांनी पहिल्या दिवशी तीनशे चार खाली घेतला आणि उघडला. सुरुवातीच्या आभारांच्या पानावर शेवटची ओळ होती: "हवं ते पुस्तक दोन मिनिटांत आणून देणाऱ्या आणि माझ्या कामाचं स्वरूप कधी न विचारणाऱ्या शिपाईमामांचे आभार."

मामांनी ती ओळ तीनदा वाचली. अकरा वर्षं ती तिथे होती, आणि तिच्या मागे एकशे बारावं पान होतं. विचारलं असतं तर कळलं असतं.

आता प्रबंधखोलीत नवीन कोणी आलं की मामा त्याला रॅक दाखवतात आणि एवढंच सांगतात, "इथे भीती वाटली तर आधी खिडकी उघडायची. मग मला विषय सांगायचा. त्यावर कोणीतरी आधी डोकं लावलेलं असतं. नसलं, तर तुम्ही लावा."